फेसवाल्या सरांचा दुपारचा फोन

आमचे सर कोणतीही पातळ वस्तू हलवून पाहिल्याशिवाय खाली ठेवत नसत. खोकल्याचं औषध असो की लग्नात हाती पडलेला मठ्ठा; हलवायचा, उजेडाकडे धरायचा आणि फेसाकडे बघत उभं राहायचं. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात वनौषधी शिकवण्यात त्यांची हयात गेली. झाडपाल्याचा अर्क नळीत हलवला आणि आलेला फेस टिकून राहिला, तर त्यात सॅपोनिन हे साबणासारखं द्रव्य आहे असं समजायचं. त्यावरून मुलांनी त्यांना फेसवाले सर केलं. त्यांना ते आवडत असावं, असा माझा संशय आहे.

घाई त्यांना अजिबात खपत नसे. हिरड्याच्या अर्कात फेरिक क्लोराईडचा थेंब पडून नळी काळीनिळी झाली, की आम्ही हरखायचो. सर म्हणायचे, "नाचू नका. टॅनिन हाये, एवढंच समजलं. रोगी बरा होते का नाई, हे नळी सांगत नाई."

काकू गेल्या, मुलगा बंगळुरूला. निवृत्तीनंतर सर पुलगावच्या घरात एकटे राहू लागले आणि तोवर तिथेच शिकवू लागलेल्या माझ्याकडे प्रयोगशाळा आली. रोज दुपारच्या सुट्टीत त्यांचा फोन यायचा. "काय आलं वं आज?"

पुढे नवं यंत्र आलं आणि अभ्यासक्रमातून नळ्यांच्या चाचण्या गेल्या. हे सरांना सांगायला माझी जीभ रेटेना. थापही मारता येत नव्हती, कारण ते फेस किती बोटं आला, साका कोणत्या रंगाचा बसला, सगळं खोदून विचारत. मग मी डबा बाजूला सारून रोज एक नळी खरोखरच लावू लागले. कधी अडुळसा, कधी कुंपणाजवळचा आघाडा.

एकदा मी सांगितलं, आज प्रत्येक पानाला फेस येतोय. सर म्हणाले, "नुसतं पाणी घालून हलव बरं." हलवलं. पाण्यालाही फेस आला. "साबण राह्यला नळीत. धू नीट," म्हणाले आणि पोटभर हसले. तो दिवस माझा फार चांगला गेला.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुलगावला गेले. चहाचा कप पुढे ठेवत ते म्हणाले, "तुमच्या नळ्या बंद झाल्या, हे मले कवाचंच माहीत हाये. पोरं येतात ना भेटाले."

"मग रोज विचारता काऊन?"

"दुपारी तू एकटीच डबा खाते ना तिथं. म्हणून विचारून राह्यलो."

मी त्यांचा एकटेपणा सांभाळतेय, असा माझा केवढा तोरा होता.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. जूनमध्ये कॉलेज उघडलं, दुपारची सुट्टी झाली, मी डबा उघडला. इतकी वर्षं मी इथे एकटी जेवते असं सगळ्यांना सांगत आले होते. एकटी त्या दिवशी पहिल्यांदा जेवले.