गोरा मास्तर जमिनीवर बसला तेव्हा

तुमच्या पोराला इंग्रजी कोण शिकवतं? शाळेच्या फाटकावरच्या फलकात ज्याची बत्तिशी चमकते तो, की आत कोपऱ्यात बसून चाळीस वह्यांवर लाल पेन झिजवणारी एखादी बाई, जिचं आडनाव तुम्हाला आजवर धड उच्चारता आलेलं नाही? उत्तराची घाई नाही. तोवर पिचितच्या नेरिसाची हकिकत ऐका.

पिचित म्हणजे थायलंडमधलं, नान नदीच्या काठचं गाव. नेरिसा मोंतेक्लारो तिथली नव्हे. ती फिलिपिन्सची, मियागाव नावाच्या समुद्राकाठच्या गावची. शिक्षणशास्त्राची पदवी, स्वतःच्या देशाचा शिक्षक परवाना आणि खारवलेल्या मासळीचं एक गाठोडं घेऊन अकरा वर्षांपूर्वी ती इथे उतरली. भाजीबाजारामागच्या चाळवजा खोल्यांत एक खोली तिने घेतली, जुनी स्कूटर घेतली, आणि बाजारात घासाघीस करता करता थाई शिकली. त्यामुळे तिची थाई आजही शिक्षिकेची वाटत नाही, मासेवालीची वाटते. तिला त्याचं काही वाटत नाही. मासेवाल्या निदान खरं बोलतात.

ती ज्या खासगी शाळेत शिकवायची, तिथे मार्च महिन्यात एक फलक लागला: ‘इंग्रजी माध्यमाचा नवा वर्ग, खास परदेशी शिक्षक’. त्यावर निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा एक माणूस हाताची घडी घालून हसत होता. आता गंमत बघा. आधीचे गोरे मास्तर एकेक करून निघून गेले होते, मार्चमध्ये शाळेकडे असा कुणी माणूस नव्हताच. चित्र कुठून तरी उचललेलं होतं. फलक आधी लागला, माणूस मेमध्ये मिळाला. तो फलकावरचा नव्हता, त्याचे केसही काळपट होते, पण एकाही पालकाला फरक कळला नाही. गोरा तो गोरा. मेंढरं मोजताना कोण नावं विचारतं?

मिळाला तो बेन्से. सव्वीस वर्षांचा, हंगेरीचा. म्हणजे इंग्रजी त्याचीही शिकून घेतलेलीच, नेरिसाइतकीच. फक्त त्याने ती कमी मन लावून घेतली होती. त्याच्याकडे इंग्रजी शिकवण्याचं एकशेवीस तासांचं प्रमाणपत्र होतं, आणि ते त्याने बँकॉकच्या एका वसतिगृहात दोन दिवसांत मिळवलं होतं. गणित तुमचं तुम्ही करा. पोरं त्याला ‘टीच्चा बेन’ म्हणायची. वर्गात तो गिटार वाजवायचा, चेंडू फेकायचा, आणि भाषा शिकवायची नसते, ती वाऱ्यावर येते, असं काहीबाही सांगायचा. दर शुक्रवारी त्याचं पोट बिघडायचं. बिघडलेलं पोट घेऊन तो शनिवारी कुठल्याशा धबधब्यावर दिसायचा, डोक्यावर घोंगावणारा कॅमेरा सोडून. ‘खरा थायलंड शोधतोय’ असं त्याने त्या चित्रफितींना नाव दिलं होतं.

खरा थायलंड नेरिसाला शोधावा लागला नव्हता. इथल्या शिक्षकांना दरवर्षी प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यावं लागतं. अकरा वर्षांत ती चारशेच्या वर उंबरे चढली होती. कुणाचा बाप भात गिरणीत रात्रपाळी करतो, कुणाची आजी विड्याने लाल झालेल्या तोंडाने नातीला पाढे म्हणायला लावते, कुठल्या घरी कुत्रं चावतं आणि कुठल्या घरी मालक, सगळं तिला ठाऊक होतं. सहावीतल्या पुयनुनचं घर नदीवरच्या तराफ्यावर होतं. पहिल्यांदा तिथे जाताना नेरिसा पाण्यात पडली, आणि पुयनुनच्या आईने तिला स्वतःची लुंगी नेसायला देऊन चिकट भात आणि भाजलेलं डुकराचं मांस खाऊ घातलं. ही तिची भटकंती. या भटकंतीची चित्रफीत कुणी काढली नाही.

पण यंदा तिच्या गळ्याशी आलं होतं. परदेशी शिक्षकाला इथे तात्पुरत्या सवलतीवर काही वर्षंच शिकवता येतं. तिच्या सवलती संपल्या होत्या. आता पक्का परवाना हवा होता. परीक्षा ती पास झाली होती, सगळे कागद जमले होते, उरलं होतं शाळेचं एक पत्र: या बाई आमच्याकडे इंग्रजीच्या शिक्षिका आहेत. जूनअखेर ते पत्र गेलं नाही, तर अकरा वर्षं गुंडाळून मियागावला परत.

आणि मुख्याध्यापक थावोन साहेबांनी पत्राचा मसुदा केला होता तो असा: ‘मदतनीस’.

थावोन साहेबांच्या तोंडात देव ‘नाही’ हा शब्द घालायचाच विसरला होता. त्याच्या जागी त्याने एक हसू बसवलं होतं. ते हसू वाचायला नेरिसाला तीन वर्षं लागली.

“नेरी, तू तर घरचीच,” ते म्हणाले. “पालकांना आपण सांगितलंय की वर्ग बेनचा आहे. मग कागदावर दोन शिक्षक कसे दाखवू? मदतनीस लिहिलं म्हणून काय बिघडतं? काम तर सगळं तूच करणार.”

“मग तेवढंच लिहा, साहेब. काम सगळं ही करते.”

साहेब हसले. नेरिसाने ते हसू वाचलं आणि उठली.

बाहेर लामाई उभी होती. लामाई थाई शिकवायची, नेरिसापेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून नेरिसा तिला ‘पी’ म्हणायची. पी म्हणजे थोरली.

“काय म्हणाले?”

“मी घरचीच आहे म्हणाले.”

“हं. घरच्यांना खरकट्या ताटातच वाढतात.” लामाईने तिच्या दंडाला दंड लावून बघितला. “तू दोन हात उजळ असतीस ना, तर आज तो मदतनीस असता.”

“उद्यापासून पावडर लावते, पी.”

“पावडरने माझं लग्न जमलं नाही, तुझा परवाना कुठला जमायला.”

जूनमधल्या एका गुरुवारी इथे गुरुपूजन असतं. हो, गुरुवारीच. शिक्षक मंचावर ओळीने खुर्च्यांवर बसतात. मुलं जोडीजोडीने गुडघ्यांवर सरकत येतात आणि फुलांचं तबक पुढे करतात. तबकात दूर्वा असतात, लाह्या असतात, लाल इक्झोऱ्याचे तुरे असतात, आणि वांग्याचं फूल असतं, कारण फळ धरायच्या वेळी ते मान खाली घालतं. यातला एक नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, कारण तो आईच्या दुधाबरोबर येतो: धाकट्याचं डोकं थोरल्याच्या डोक्यापेक्षा खाली. गुरू बसला असेल तर शिष्य गुडघ्यावर. गुरू जेवढा खाली, शिष्य त्याहून खाली.

त्या दिवशी मंचावर चौदा खुर्च्या होत्या. एकीच्या पाठीवर कागद डकवला होता: बेन. नेरिसाच्या नावाची खुर्ची नव्हती. तिला दाराशी उभं केलं होतं, हातात यादी, कुठली जोडी कधी सोडायची ते बघायला. पहिल्या रांगेत शिक्षण कार्यालयातून आलेल्या एक अधिकारी बाई होत्या, मागे पालक, आणि पालकांच्या हातांत फोन. बेन्सेनेही आपला फोन मंचाच्या कडेला तिकाटण्यावर लावून ठेवला होता.

सहावीची पाळी आली. पुयनुन आणि तिची जोडीदारीण तबक डोक्यावर धरून सरकत निघाल्या, मागे बाकीच्या जोड्या. तबक पुयनुनने पहाटे उठून केलं होतं. दूर्वा नदीकाठच्या होत्या.

आणि बेन्सेला समता आठवली.

आठ तास झोपलेल्या, पोटभर न्याहारी केलेल्या माणसालाच आठवते तशी ती समता होती. त्याने दोन्ही हात हलवले. “नको, नको. उठा. माझ्यापुढे गुडघे टेकायचे नाहीत. आपण सगळे सारखे.”

पोरींना त्यातलं अक्षर कळलं नाही. सहा आठवड्यांत त्याने त्यांना तेवढं इंग्रजी शिकवलंच नव्हतं. त्या सरकत राहिल्या. मग या समतेच्या पुतळ्याने काय करावं? तो खुर्चीवरून उतरला आणि पोरींसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

झालं. गुरूचं डोकं खाली आलं. पोरी कोपरांवर आल्या. बेन्सेला वाटलं, अजून घाबरताहेत बिचाऱ्या. त्याने पाठ वाकवून मान त्यांच्या पातळीला आणली. पोरींनी हनुवटी फरशीला टेकवली. तो एका कुशीवर कलंडून कोपरावर रेलला, समुद्रकिनाऱ्यावर रेलतात तसा. पोरी पालथ्या पडल्या. मागच्या जोडीने पुढची जोडी आडवी झालेली बघितली आणि तीही आडवी झाली. तिच्या मागची तीही. अख्खी सहावी मंचावर पालथी, आणि त्यावर पुराच्या पाण्यावर थाळ्या तराव्यात तशी तबकं. पुयनुनचं तबक कलंडत होतं. लाह्या टपटप खाली पडत होत्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, कारण याहून खाली जायला जमीनच उरली नव्हती.

बेन्से मात्र तिकाटण्याकडे बघून हळवं हसत होता. त्याच्या मते आत्ता इतिहास घडत होता.

पालकांनी तोंडावर हात धरले. थावोन साहेबांचं हसू तसंच होतं, फक्त कडेने पांढरं पडलं होतं. त्यांनी हनुवटीने दाराकडे खूण केली: नेरी, काहीतरी कर. घरची ना ती. घराला आग लागली की घरची माणसं आठवतात.

नेरिसा कमरेत वाकून, रीतीप्रमाणे, बसलेल्या शिक्षकांसमोरून मंचावर गेली. बेन्सेला दंडाला धरून उठवायचं, एवढंच काम होतं. उठवला असता तर तो पुन्हा खुर्चीवर बसला असता, पोरींनी त्याला तबक दिलं असतं, फोटो निघाला असता, आणि ती परत दाराशी गेली असती यादी घेऊन. अकरा वर्षं तिने हेच केलं होतं. गोरे मास्तर पडायचे, ती उचलायची. तिने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग पोरीच्या कलंडत्या तबकाकडे.

ती खुर्चीत बसली.

दुसरं काहीच करावं लागलं नाही. खुर्चीत डोकं दिसलं, आपल्या टीच्चाचं, आणि अख्खी सहावी एका दमात गुडघ्यांवर उठली. पुयनुनने तबक वळवलं, थेट नेरिसाकडे. नेरिसाने ते दोन्ही हातांनी घेतलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या त्या मासेवालीच्या थाईत हळूच म्हणाली, “नाक पूस. लाह्या पडल्या तर पडल्या, कबुतरं खातील.”

बेन्से मधेच राहिला. पुढे पोरी, मागे नेरिसाचे पाय. सगळ्यांनी हात जोडले तसे त्यानेही जोडले. सहावीच्या पटावर तेवढाच एक वाढला.

अधिकारी बाईंनी माईक मागितला. “या शिक्षिका कोण?”

पाहुण्यांनी चारशे माणसांसमोर विचारलंय. ‘या मदतनीस’ म्हणावं, तर गुरुपूजनाच्या दिवशी पोरांनी मदतनिसाची पूजा केली असं होतं, आणि शाळेची अब्रू चव्हाट्यावर. साहेबांनी माईक घेतला. “आमच्या इंग्रजीच्या शिक्षिका,” ते म्हणाले, “क्रू नेरिसा. अकरा वर्षं आहेत.” क्रू म्हणजे गुरूच. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी टाळी लामाईची होती, आणि ती सगळ्यात शेवटी थांबली.

दुसऱ्या दिवशी आठाच्या आत नेरिसा साहेबांच्या टेबलासमोर होती. पत्र तिने स्वतःच टंकून आणलं होतं.

“काल माईकवर तुम्ही जे बोललात, साहेब, तेच आहे. शब्दाला शब्द. पालकांच्या फोनवर आहेच, पडताळून बघा.”

साहेबांनी दोनदा वाचलं. हसले. हे हसू नेरिसाने आधी कधी वाचलं नव्हतं. मग सही केली. “तू फार बदललीस, नेरी.”

“खुर्ची जरा उंच होती, साहेब,” ती म्हणाली आणि पत्रावर शिक्काही मारून घेतला. शिक्क्याशिवाय ती हलली नाही.

परवाना सप्टेंबरमध्ये आला. बेन्से त्याआधीच दक्षिणेकडच्या बेटांवर गेला होता, तिथल्या पोरांना वाऱ्यावरची भाषा द्यायला. जाताना त्याने ती चित्रफीत सगळीकडे टाकली: आपण एका गावात गुडघे टेकण्याची प्रथा कशी मोडली. पोरी पालथ्या पडतात तिथेच ती कापलेली आहे. पुढचं दाखवायचं तर त्याला नेरिसाचे पाय दाखवावे लागले असते. लाखभर लोकांनी ती बघितली आणि त्याला शाबासकी दिली. त्या लाखांत आपलीही माणसं असतील, हे लिहून ठेवा.

फाटकावरचा फलक अजून आहे. कुठला कोण तो निळ्या डोळ्यांचा माणूस, अजून हाताची घडी घालून हसतोय, आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी पालक त्याच्याखालून रांगेने आत जातात. नेरिसाही रोज त्याच्याखालूनच जाते, स्कूटरच्या टोपलीत चाळीस वह्या घेऊन.

तर उद्या पोराला शाळेत सोडायला जाल, तेव्हा फाटकावरच्या चित्रापाशी थांबू नका. सरळ आत जा, पोराच्या वहीत लाल पेनाने कोण लिहितं ते विचारा, आणि त्या बाईचं पूर्ण नाव, आडनावासकट, एकदा नीट म्हणून या.