टेलिफोनची भाषा आणि गणपतीच्या चुली

ऐका, आणि मग तुम्हीच न्याय करा! माझ्यावर अन्याय झालाय, तोही आमच्या मोंतान्य ब्लांश गावाच्या भरल्या मंडपात, गणपतीसमोर!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी टेलिफोन ऑफिसात. एक्सचेंजसाठी नवी संगणक-भाषा शिकवायला परदेशातून एक इंजिनियर आला. काय भाषा हो! हजार कामं एकाच वेळी, पण प्रत्येक काम स्वतंत्र. दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही, हवं ते निरोप धाडून मागायचं. एखादं काम कोसळलं तर सावरत बसायचं नाही. त्याच्या जागी ताजं उभं करायचं, जुन्याचं काही न आठवणारं!

म्हटलं, आमच्या जेवणावळीला हेच हवं! त्या वर्षी स्वयंपाकाचा मुख्य मी. विसर्जनाला नदीवर निघण्याआधी अख्खं गाव जेवायचं होतं.

"कुणी कुणाच्या चुलीत नाक खुपसायचं नाही," मी बजावलं. "निरोप द्या, उत्तराची वाट बघा."

"आयो! मीठ मागायलाही निरोप?" सुमनमावशी फणकारली.

"मिठालाही!"

जरा वेळाने येऊन बघतो, तर सगळे हाताची घडी घालून बसलेले!

"धर्मादादा, भात?"

"पाण्याचा निरोप दिलाय रमेशला."

"रमेश, पाणी?"

"भरू कशात? मोठं पातेलं मावशीकडे. निरोप दिलाय."

"मावशी, पातेलं?"

"त्यात भोपळा आहे. शिजला की देते. लाकडं दादाकडे. निरोप दिलाय."

"दादा, लाकडं?"

"आधी माझा भात चढू दे. माझं सामान माझं, तूच म्हणालास ना?"

बाहेर गाव पानांवर बसलेलं! आणि सांगून ठेवतो, भाषा चुकली नव्हती. वाट किती बघायची, ते शेवटच्या दिवशी शिकवलं. त्या दिवशी मी रजेवर होतो, याच जेवणाच्या मोदकांसाठी नारळ आणायला!

तेवढ्यात माझी बायको लक्ष्मी पदर खोचून उठली. भोपळा परातीत ओतला, लाकडं ओढली, सगळ्यांच्या चुलीत नाक खुपसलं. "आले, वित वित! चला, भराभर!" बघता बघता भात रटरटायला लागला.

"अगं, मुख्य मी आहे!"

"होतात. कोसळलात. सावरत बसायचं नाही ना? व्हा बाजूला!"

मंडप हसला. माझा संताप अजून उतरलेला नाही.

पुढच्या वर्षी मुख्य तीच. मी मानाने जाऊन विचारलं, "माझ्याकडे काय काम?"

तिने मला नखशिखांत न्याहाळलं.

"आपण कोण? मला जुनं काही आठवत नाही. भांडी मागे आहेत. निरोपाची वाट बघू नका, सरळ घासायला घ्या."