सोमाची दोरी

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. गॅस-कटर चालवतो, लोखंड कळतं, बाकीचं कळत नाही. तरी हे लिहितोय... कारण उलगडा अजून झालेला नाही.

मोबाईल गावोगाव नुकते पोचले होते तेव्हाची गोष्ट. कोकणाजवळ समुद्रात लाटांवर वीज बनवणारं एक यंत्र होतं. प्रयोग बंद पडला आणि ते कापून काढायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. पाण्याखाली साखळ्या सोडवायला माणूस हवा होता. समुद्रापासून शेकडो कोस दूर, गोरेगाव तालुक्यातल्या माझ्याच गावातून मी सोमाला नेलं. ढिवराचा पोरगा, तलावात मासे धरत वाढलेला. "समुद्र म्हणजे मोठा तलावच समज," असं मीच त्याला म्हणालो होतो.

त्याच्या कमरेला दोरी, दुसरं टोक माझ्याकडे. दोन झटके म्हणजे वर ओढ.

एके दिवशी दोरी रिकामी आली. गाठ सुटलेली. सोमा सापडलाच नाही. झटका आला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्याची बायको, यशोदावहिनी, तेवढ्या वाक्यावर जगत राहिली. "बुडत असते तर दोरी हालवली असती ना. गाठ सोडून कुठंतरी निंगाले असन." कुंकू पुसलं नाही. सोमाच्या दोरीसोबत भंगारातून मी त्या यंत्राचा एक लहान पिवळा तरंगता डबा आणला होता. तिनं तो त्याच दोरीनं काठच्या खुंट्याला बांधून गावच्या तलावात, शिंगाड्याच्या वेलांत सोडला.

शेवटी क्रियाकर्मासाठी दिरानंच पुढाकार घेतला. देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला, तलावाच्या पाळीवर ठेवला. वहिनी हट्टानं पाठ करून बसलेली. भर दुपार. शिंगाड्याचं पानही हलत नव्हतं... आणि डबा वर-खाली होऊ लागला. सावकाश, लाटेवर व्हायचा तसा.

"वारा नाही, मंग हा काऊन हालून रायला?" दीर म्हणाला.

मोठा मासा असेल, ओढून पाहा, असं कोणीतरी सुचवलं. मी खुंट्याची दोरी हातात घेतली.

दोन झटके. थोडं थांबून परत दोन.

मी ओढलं. डबा अलगद आला. खाली काही नाही.

"काय झालं, भाऊ?" वहिनीनं विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं — "त्या दिवशी दोरी माझ्या हातात नव्हती, वहिनी. रेंज आली म्हणून कठड्याला बांधली, अन् घरी फोनवर बोलून राहिलो होतो."

ती शिव्या देईल असं वाटलं. तिनं फक्त डबा पाण्यात ढकलला, दोरी माझ्याकडून घेतली आणि कितीतरी वेळ धरून उभी राहिली. पाणी स्थिर होतं.

मग दिराला म्हणाली, "पेटवा, भाऊजी."

त्यानंतर तो डबा कधी हलला नाही. मासा होता? माझं मन होतं? पण हलताना तर सगळ्यांनी पाहिला... झटके मात्र माझ्याच हाताला आले. की तिच्याही? ते विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.