दोन दोरांची शर्यत

रापणीला दोर दोन असतात आणि दोन्ही एका चालीने ओढायचे असतात. हे मला शाळेने शिकवलं नाही. शाळा मी चौथीत सोडली. मास्तराने न केलेल्या गुन्ह्यासाठी छडी मारली, परत गेलो नाही. पण रापण कळायला शाळा लागत नाही. किनाऱ्यावर उभं राहून एकदा बघितलं तरी पुरे. होडी जाळं घेऊन पाण्यात जाते, अर्धगोल सोडत परत येते. एक दोर इकडे, दुसरा तिकडे लांब, प्रत्येकाला वीस-पंचवीस माणसं. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं, तळ उचलला जातो आणि मासळी खालून पसार. म्हणून दोन्हीकडची माणसं ओढताना मधल्या तांडेलाकडे, रापणीच्या म्होरक्याकडे बघतात. त्याचा हात वर गेला की थांबायचं. तो हात कितीतरी वर्षं माझा होता. त्या हाताकडे न बघणारी माणसं मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि ती सगळी शिकलेली होती.

माझी सून आरोग्याच्या एका ऑफिसात होती. पैसा परदेशातून यायचा, ऑफिस कुडाळला भाड्याच्या जागेत. डोंगराकडच्या गावांत माकडताप येतो, गोचिडीपासून. सून स्कूटर घेऊन त्या गावांत जायची, काजूत जाणाऱ्या बायकांना अंगाला तेल लावायला सांगायची, कुणाच्या घरी ताप आहे ते ओट्यावर बसून लिहून घ्यायची. पाच वर्षं केलं हे. नोकरी कंत्राटी. त्या वर्षी बोलणं चाललं होतं की फिरणाऱ्यांच्या दोन जागा होत्या त्यातली एकच ठेवणार. मुलगा माझा गोव्यात हॉटेलात, सहा महिने काम आणि सहा महिने घरी, तेव्हा घर तिच्यावर चाललं होतं. पण पगाराचं राहू दे. तिला ते काम सोडायचं नव्हतं.

त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारे आणि गावात फिरणारे एकमेकांशी बोलत नसत. बसणारे म्हणत, फिरणारे आकडे वेळेवर देत नाहीत. फिरणारे म्हणत, बसणाऱ्यांनी डोंगर बघितलेला नाही. ही गोष्ट परदेशात पोचली. तिथून हुकूम आला, ऑफिस एक झालं पाहिजे, टीम झाली पाहिजे. मग पुण्याचा एक ट्रेनर ठरला आणि तारकर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांचं शिबिर. भांडण कुडाळात, औषध तारकर्लीत.

साहेबाने सुनेला विचारलं, "तुमच्या सासऱ्यांची रापण तिथेच आहे ना? शनिवारी अकरा ते बारा लावतील का? सगळे मिळून ओढू."

तिने मला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो.

"अकराक?" मी म्हटलं. "मासळेक सांगून इलो काय तुझो सायेब?"

"बाबानू, एक दिवस."

"पाण्यात मासळी दिसल्याशिवाय मी जाळा टाकलंय नाय कधी. बापाशीनपण टाकल्यान नाय."

"माका ठावक आसा. पण परदेशातली मॅडम येतली. जागेचा तीच ठरवतली." मग म्हणाली, "आनी आणखी एक. थंय कायय झाला तरी तुमी गप रवा."

मी हो म्हटलं. दोन्हीला हो म्हटलं.

शनिवारी आमची माणसं जमली ती हसतच. एकाने विचारलं, "तांडेलानू, मासो खंय बघलास? पाण्यात काय ऑफिसात?" दुसरा म्हणाला, "आज आपण मासे, रे. ओढणारे वेगळे." समुद्र रिकामा होता. न दिसणं हेसुद्धा दिसावं लागतं, आणि मला ते स्वच्छ दिसत होतं. तरी मी होडी आत पाठवली. जन्मात पहिल्यांदा आंधळं जाळं टाकलं.

ऑफिसवाले आले. ट्रेनरच्या गळ्यात शिट्टी. त्याने पिशवीतून टोप्या काढल्या, लाल आणि पिवळ्या. मला वाटलं उन्हासाठी आहेत. आमच्या माणसांना बाजूला करून तो आपली माणसं वाटायला लागला, लाल टोपी या दोराला, पिवळी त्या दोराला. मी पुढे होऊन सांगितलं, "साहेब, दोन्ही दोर बरोबर यायला हवेत." तो म्हणाला, "हो हो काका, एकदम सिंक." आणि मोठ्याने ओरडला, "जो दोर आधी पूर्ण वाळूवर, ती टीम विनर! एनर्जी!"

शिट्टी वाजली.

माझ्या बापजाद्यांच्या रापणीची त्या माणसाने रस्सीखेच केली. शिरां पडो त्याच्या तोंडार. लाल टोप्या जोरात निघाल्या. जाळ्याचा एक हात पुढे, एक मागे, मला किनाऱ्यावरून तिरकं होताना दिसत होतं. मी हात वर केला. कुणी बघेना. दोन्ही हात वर केले. मोबाइल घेऊन फोटो काढणारी एक पोर मला म्हणाली, "असेच राहा काका, छान येतंय."

लाल दोरावर सून होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि वाळूत पाय रोवले. "थांबा, थांबा, तांडेल थांबा म्हणतायत." तिच्यामागचे पाचसहा जण अडखळून थांबले. पुढचे तिच्यावर ओरडायला लागले. तेवढ्यात पिवळ्यांनी ओढून नेलं आणि नाचायला लागले. जाळं तिरकं ते तिरकंच येत होतं, पाण्याखाली बुडालेल्या जुन्या होडीच्या लाकडाला अडकलं. मी धावत जाऊन सोडवेपर्यंत दोन वाव, चांगलं बारा फूट, फाटलं. आत चार खेकडे आणि मूठभर मांदेली. परदेशी मॅडमने एक मांदेली तळहातावर घेऊन फोटो काढला.

मग सुरूच्या झाडांखाली गोल करून खुर्च्या. आम्हाला सरबत दिलं आणि मागे उभं राहायला सांगितलं. ट्रेनरने फळ्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि सुनेकडे वळला.

"तुमची टीम जिंकत होती. तुम्ही थांबलात. का?"

"तांडेलांनी हात वर केला होता, सर."

"पण तुमचे टीम लीडर कोण होते?"

तिने ऑफिसातल्या कुणाचंतरी नाव घेतलं. सगळे हसले.

"मग तुम्ही कुणाचं ऐकलंत? हाच प्रॉब्लेम आहे," तो सगळ्यांना म्हणाला. "एक मेंबर टीमच्या बाहेर बघतो, आणि टीम हरते." साहेब मान हलवत वहीत लिहीत होता.

गप राहायचं कबूल केलं होतं मी. तिने डोळ्यांनी आठवणही करून दिली. पण रक्त डोक्यात चढलं. मी ग्लास खाली ठेवला आणि गोलात गेलो. म्हटलं, "टीम हरली नाही. टीम नव्हतीच. होती ती एकटी. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं जाळं फाडलंत आणि जिची अक्कल शाबूत होती तिलाच उभी करून विचारताय? तुमची आजारांची कामं पण अशीच ओढता काय, टोप्या घालून?"

मॅडमने साहेबाला विचारलं, काय म्हणतात? साहेबाने इंग्रजीत सांगितलं. ती हसली आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मला इंग्रजी येत नाही, पण शिव्यांना कोणी टाळ्या देत नाही हे कळतं. सून खाली बघत होती.

महिना-दीड महिन्याने साहेबाचा फोन. "काका, मॅडमना तुमचं फार आवडलं. पुढच्या वर्षी इतर देशांतल्या ऑफिसांची माणसंही आणायची म्हणतात. तुम्ही हो म्हणा. सूनबाईंच्या जागेचंही अजून फायनल नाही, आपण बघू ना त्यात काहीतरी."

मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रापण म्हणजे तुझ्या लग्नातली वरात नव्हे, इथून सुरुवात झाली. फोन बंद केला आणि मागे वळलो तर सून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दारात.

"सायेब होतो?"

"होय."

"काय म्हणा होतो?"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, कसा झाडला ते.

तिने बादली खाली ठेवली. "जागेचो इषय काढल्यान, आनी तुमी माका इचारूक नाय?"

"इचारूचा काय त्यात? तो तुझी नोकरी माझ्या गळ्यात बांधून ओढूक बघा होतो."

"मियाय नायच म्हटला असता, बाबानू. पण ता माझ्या तोंडान."

ती परसात विहिरीकडे गेली आणि तिथून साहेबाला फोन लावला. ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलत होती. "सर, बाबांच्या रापणीचं बाबा ठरवतील. ते माझ्या जागेत मिसळू नका. माझं काम तुम्ही पाच वर्षं बघितलंय. त्यावर काय ते सांगा." मग बराच वेळ ऐकत राहिली. "ठीक आहे," म्हणाली. आणखी एकदा म्हणाली, "ठीक आहे, सर."

आत आली तेव्हा मी विचारलं, "काय झाला?"

"दुसरेक दिली." दुसरी म्हणजे तिच्यासारखीच गावात फिरणारी. पिवळ्या टोपीतली होती ती पोर, मला आठवली.

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे कित्याक?" ती तडकली. "सगळा तुमच्यामुळेच जाता काय? मी थांबलंय म्हणून. आनी परत तसा झाला तर परत थांबतलंय." बादली उचलून ती कपडे वाळत घालायला गेली.

त्या साहेबाला आणि त्या शिट्टीवाल्याला मी मरेपर्यंत माफ करणार नाही. पण तिच्यामागून जाऊन एक गोष्ट बोलायला हवी होती ती मला बोलता आली नाही, आजपर्यंत. ती वाचते, म्हणून इथे लिहून ठेवतो. तुला विचारायला हवं होतं, बाय. माझं चुकलं.