पांढरी भिंत झाकली तेव्हा

समुद्रात बोटासारख्या घुसलेल्या डोंगराच्या पायथ्याशी ती राही, जाळी विणून विकी. गाव तिला ‘टेहळणी’ म्हणे. तोंडावर नव्हे, अर्थात. दारावरून मांजर गेले तरी ते कोणाचे आणि कशाला आले होते, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. नवरा असताना ती अशी नव्हती. जाताना तो दोन गोष्टी तिच्या हवाली करून गेला: एक मुलगा आणि एक जागा.

जागा पाण्यातली. घराची चुना दिलेली भिंत आणि माथ्यावरचे एकुलते झाड एका रेषेत धरून आत जायचे, खडकाळ तळ लागला की जाळे टाकायचे. मासळी हमखास. ही खूण नवऱ्याने फक्त तिला सांगितली, तिने फक्त मुलाला. त्यावरच घर चाले. भिंतीला चुना ती स्वतःच देई, दुसऱ्याचा हात लागू देत नसे.

म्हणून तिच्याच माडीवर भाड्याने उतरलेला पाहुणा तिला खटकला. गळ्यात दुर्बीण अडकवून तो रोज माथ्यावर जाई आणि नेमका त्याच झाडाखाली बसे.

“काय बघता हो एवढं तिथे?”

“पक्षी, मावशी.”

“का? आमच्या कौलांवरचे पक्षी काय कोंबड्या आहेत?”

तो हसला. उगाच हसणारी माणसे तिला कधीच पटली नव्हती.

त्यात दीर आगीत तेल ओती. “वहिनी, नजर ठेवा त्याच्यावर. दादाची जागा हुडकायलाच आलाय तो. माझं काय, मी डोंगराच्या पलीकडे जाळं टाकतो. पण पोराच्या तोंडचा घास जाईल.”

एके दिवशी ती दबकत पाहुण्याच्या मागोमाग चढली. त्याची दुर्बीण सरळ तिच्या भिंतीकडे रोखलेली होती. झाले! संध्याकाळी तिने शिडी लावली आणि जुनी काळी जाळी वळचणीपासून खालपर्यंत सोडून भिंत पार झाकून टाकली. मुलगा हसेल म्हणून त्याला बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा रिकाम्या टोपलीने परतला.

“आई, घर कुठे ठेवलंस? आख्खी सकाळ शोधतोय!”

तिने जीभ चावली. चोराला वाट दिसू नये म्हणून तिने घरच्याच दिव्यावर फुंकर घातली होती. ती काही सांगणार, एवढ्यात दीर आपली निळी होडी किनाऱ्याला लावून तणतणत अंगणात आला. त्याचीही टोपली रिकामीच.

“वहिनी, अहो भिंतीला हे काय काळं फासलंय? माणसाने जाळं टाकायचं तरी कुठे?”

मुलाने आईकडे पाहिले. आईने दिराकडे.

“भाऊजी,” ती सावकाश म्हणाली, “डोंगराच्या पलीकडून आमची भिंत कधीपासून दिसायला लागली?”

दीर टोपलीत बघत राहिला. टोपलीत बघण्यासारखे काहीच नव्हते.

तेवढ्यात पाहुणा उतरून आला, हिरमुसलेला. “मावशी, तुम्ही म्हणालात म्हणून काल तुमच्या वळचणीतलं घरटं पाहिलं. आज ते जाळ्याआड गेलं.”

तिने रात्रभर विचार केला. सकाळी पाहुण्याच्या हातात चहा आणि एक पांढरा पंचा दिला.

“वर बसताच आहात, तर एक काम करा. ती निळी होडी डोंगराला वळसा घालून पलीकडे गेली, की हा पंचा हलवा.”

माथ्यावर पंचा हलला, की खाली भिंतीवरची जाळी उतरे आणि मुलगा खूण धरून जागेवर जाई. कशासाठी, ते मात्र तिने पाहुण्याला शेवटपर्यंत सांगितले नाही. परक्या माणसाचा काय भरवसा?