हाक मारायचं बटण

माझ्या मुलीनं बनवलेल्या भुताच्या गेममध्ये मी एका रविवारी सकाळी अकरा वेळा मेलो आणि अकराही वेळा मला भीती वाटली नाही. त्याचा तिला राग आला की वाईट वाटलं, ते काही मला कळलं नाही.

गेम तिनं एकटीनं बनवला होता. सोमवारी तो पुण्याच्या एका कंपनीकडे पाठवायचा होता, आवडला तर तिथं नोकरी. मैत्रिणींनी खेळून पाहिला, पण घाबरायचं सोडून सगळ्या वैतागल्या. कारण एक बटण. ते दाबलं की गेममधली मुलगी हाक मारते आणि तिला कधीच कुणी उत्तर देत नाही. मग बटण दिलंच कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. ते ठेवावं की काढावं, हे माझ्या मुलीला ठरवता येईना. शेवटी गेममधलं ओ की ठो कळत नाही असा माणूस तिला हवा होता, म्हणून तिनं मला बसवलं.

तिनं खिडकी लावली, माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. कानात यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला आणि मला एकदम बरं वाटलं. तीस वर्षं मी टॉवेलच्या मागांवर काढली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार माग होते. आता तिथं पाण्याची टाकी आणि दोन मोटारसायकली आहेत. माग विकले गेले त्याच्या आदल्या दिवशी तिनं तो आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवला होता म्हणे.

पडद्यावर अंधारी शेड आणि आत एक पाठमोरा माणूस. मी बटण दाबलं, हाक गेली, तो वळला नाही. यात मला विशेष काही वाटलं नाही. चालू मागांत तोंडानं मारलेली हाक ऐकतो कोण? आमच्यात समोर जाऊन उभं राहायचं आणि हातानं सांगायचं. अंगठा तोंडाशी नेला की चहा, दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला. म्हणून मी सरळ त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. त्याला चेहराच नव्हता. त्यानं मला मारून टाकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि मी पुन्हा त्याच्या पुढ्यात.

"नायना, त्याच्याजवळ जायचं न्हाय," ती म्हणाली. आमच्या तेलुगू घरात बापाला नायना म्हणतात, बाकी भांडणं मराठीत चालतात.

जाऊ नको तर करू काय? दारं बंद, किल्ली सापडत नाही आणि मेलं की सगळा रस्ता परत चालायचा. अकराव्या वेळी मी हेडफोन काढून टेबलावर टाकला. हे भूत नाही, नुसती डोकेदुखी आहे, असं तिला सुनावलं आणि ते बटण बिघडलंय, काढून टाक, असंही वर सांगितलं.

तिनं टेबलावरचा हेडफोन उचलून सरळ ठेवला. मग म्हणाली, "बिघडलेलं न्हाय ते. लहान होते तवा शेडच्या दारात उभं राहून मी तुमाला हाका मारायची. आत यायची बंदी होती की. तुमी कदी वळलाच न्हाय."

बंदी मीच घातली होती. मागातून धाग्याचा टोकदार धोटा उडाला तर पोरीचा डोळा जायचा, ही भीती. ते बरोबरच होतं, आजही मला तसंच वाटतं. मग मला इतकं वाईट का वाटत होतं? कशासाठी हाका मारायचीस, असं विचारलं तर आठवत नाही म्हणाली. जो आवाज थांबला की माझा जीव खालीवर व्हायचा, त्याच आवाजाला माझी मुलगी भ्यायची आणि आमच्यात अंतर दहा पावलांचं. गेममधल्या माणसाच्या अंगात बनियन होतं, खांद्यावर पंचा होता. तो कोण, हे मी विचारलं नाही.

"मग काढू का बटण?" तिनं विचारलं.

मी हेडफोन परत घातला. या वेळी आत गेलो नाही. दारातच थांबून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खडखडाट, ती हाक आणि ती पाठ. सहाव्या-सातव्या हाकेला माझं बोट बटणावरच थांबलं. मी घाबरलो होतो. पण कशाला, ते उमगेना. तो वळत नाही म्हणून, की आता वळेल म्हणून?

तेवढ्यात खांद्यावर हात पडला आणि मी ताडकन उठलो. मुलगी वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं अंगठा तोंडाशी नेला. चहा झाला होता.

खांद्यावर हात ठेवण्याआधी किती वेळा हाक मारलीस, हे विचारायचा मला धीर झाला नाही. बटण राहू दे, एवढंच म्हणालो.