मागाच्या पट्ट्याचं म्यान

कारखाना बंद होणार ही बातमी नागप्पाला मालकाने सांगितली नाही, भंगारवाल्याने सांगितली. एका सकाळी तो दारातूनच मागांवर नजर फिरवत आत आला, एका मागाच्या बाजूला बुटाच्या टोकाने ठोकून पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री, यात ओतीव बीड किती आन् लोखंड किती?" नागप्पाने सरळ उत्तर दिलं. उत्तर तोंडून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय सांगून बसलो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात नागप्पा जॉबर होता, म्हणजे मागांचा मिस्त्री. मिसरूड फुटायच्या वयात तो तिथे आला आणि तिथेच त्याचे केस पिकले. मागावर आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फेकणारा एक दांडका असतो, आणि त्या दांडक्याला म्हशीच्या कातड्याचा जाड पट्टा बांधलेला असतो. दिवसभर मार खाऊन तो पट्टा झिजतो, ताणतो, कधी फट्कन तुटतो. तो कापून नवा बांधायचा म्हणून नागप्पाच्या खिशात कायम घडीचा चाकू असायचा. लाकडी मुठीचा, पातं घासून घासून अरुंद झालेला.

जोतिराम त्याच कारखान्यात विणकर. सांगोल्याच्या पल्याडच्या माळावरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तरुणपणी सोलापुरात आला, लग्न केलं, बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, आणि मग त्याने दुसरा संसार मांडलाच नाही. कारखान्यामागच्या खोलीत एकटा राहायचा. सणावाराला नागप्पाच्या घरी जेवायला यायचा आणि नागप्पाची बायको सावित्रम्मा हिच्या हातची आंबट डाळ ओरपून खायचा. नागप्पाच्या घरात तेलुगू चालायची. जोतिरामला त्यातलं 'बियम' म्हणजे तांदूळ आणि 'नीळ्ळू' म्हणजे पाणी एवढंच कळायचं, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नाही.

माग चालू असताना कारखान्यात बोलणं म्हणजे हातवारे. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. मूठ तळहातावर आपटली की धोटा अडकला. अंगठा ओठाला लावला की चहा. बाकी जे असेल ते ओठांवरून ओळखायचं. त्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नसे, त्यामुळे जोतिरामचे कान गेले हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कदाचित त्याच्या स्वतःच्याही नाही.

ते उघडं पडलं माग थांबल्यावर. मालकाने माग खोलायचं काम त्या दोघांनाच दिलं. पाने घेऊन ते एकेक माग मोकळा करत होते आणि बाहेरच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी आत येत होती, इतकी शांतता. नागप्पा पाठीमागून म्हणाला, "जोतिराम, तो नट धर." जोतिरामने मान वळवली नाही. नागप्पा पुन्हा म्हणाला, मग ओरडला. शेवटी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो दचकला.

"किती दिवस झालं असं?" नागप्पाने त्याच्या समोर उभं राहून विचारलं.

जोतिराम त्याचे ओठ बघत होता. "काय की," तो म्हणाला. बोलला मात्र इतका मोठ्याने, की भंगारवाल्याचे हमाल वळून बघायला लागले.

माग गेले आणि दोघं रिकामे झाले. चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर राखणीला माणसं हवीत असं कळलं, तसे दोघं स्वच्छ कपडे घालून गेले. केबिनमधला सुपरवायझर पोरगेला होता. खाली मान घालून तो कागदावर लिहीत होता, आणि लिहिता लिहिताच त्याने जोतिरामला विचारलं, "नाव?"

जोतिराम म्हणाला, "व्हय."

"रात्रपाळी जमेल का?"

"जोतिराम."

तेव्हा पोरगा वर बघून हसला, पण कुचेष्टेने नाही. "काका, ऐकू येतं का तुम्हाला?" असं म्हणता म्हणताच त्याने मान पुन्हा खाली घातली. जोतिरामने नागप्पाकडे पाहिलं. कारखान्यात असं काही कळलं नाही की तो नागप्पाकडेच बघायचा, आणि नागप्पाचा हात आपोआप हलायचा. आज नागप्पाचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला. वर मान करून बोला साहेब, त्याला ओठ कळतात, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं, पण तो पोराच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिला. समोरच्या कागदावर फार नावं घ्यायची नाहीत हे त्याला दिसत होतं.

"तुम्ही या उद्यापासून," सुपरवायझर नागप्पाला म्हणाला.

परतीच्या गाडीत जोतिरामने खिडकी धरली. बाहेर बघतच तो म्हणाला, "झालं की तुजं काम." सगळी गाडी त्यांच्याकडे बघायला लागली. नागप्पाने मान हलवली.

पुढच्या आठवड्यात जोतिरामच्या थोरल्या भावाचा, ज्ञानबाचा, नागप्पाच्या मोबाईलवर फोन आला. "जोत्याला म्हणावं गावाकडं ये. शेरडं हायत, वळाया माणूस मिळंना झालाय." नागप्पाने तो निरोप समोर बसून, सावकाश ओठ हलवत सांगितला. जोतिरामने फार विचार केला नाही. "शेरडास्नी कुटं ऐकाया लागतंय," तो म्हणाला, आणि मग खिसा चाचपत म्हणाला, "चाकू मातर घ्यावा लागंल. काटं काडाया, खुरं तासाया. माज्याकडचं दोन पडलं. खिशातनं कवा पडलं, आवाजच न्हाय आला."

त्या दिवशी घरी येऊन नागप्पाने कोपऱ्यातलं पोतं उपसलं. भंगारवाल्याने कातडी पट्टे नेले नव्हते. "हे कशाला, लोखंड तेवढं द्या," म्हणून तो ते दारात टाकून गेला होता, आणि नागप्पाने ते उगाचच घरी आणले होते. त्यातला एक कमी झिजलेला पट्टा त्याने निवडला. वर्षानुवर्षांच्या तेलाने तो काळा पडला होता. रिठ्याच्या पाण्यात घासघासून धुतला आणि सावलीत वाळत टाकला. उन्हात टाकलं की कातडं तडकतं.

सावित्रम्मा दारात सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. "ते चुलीपासून लांब ठेवा," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला? बाजारात मिळत नाही का?"

वर्तमानपत्राचा तुकडा आपल्या चाकूभोवती गुंडाळून नागप्पाने म्यानाचं माप घेतलं, दोन्ही बाजूंना शिलाईपुरती जागा सोडली, आणि वर एक लांब शेपूट ठेवलं. ते मागे वळवून खाली शिवलं की कमरेचा पट्टा ओवायला फास होतो. पुढून चाकूवर येणारं झाकण वेगळं कापलं. झाकणाचं टोक निमुळतं केलं आणि ते अडकवायला पुढच्या अंगाला एक चीर दिली. बटण नाही, खिळा नाही. जोतिरामला न बघता, नुसत्या बोटांनी, ते बसलंय का नाही हे कळलं पाहिजे.

दोरा त्याने टॉवेलच्या सुताचाच केला. अनेक पदर एकत्र पिळले आणि मेण चोळलं. मग आरीने एकेक भोक पाडायचं आणि दोन सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढून दोन्हीकडे ओढायचं. एक पदर कधी तुटलाच तर दुसरा धरून राहतो. पट्ट्याचं कातडं इतकं चिवट होतं की आरी दोनदा घसरली आणि अंगठ्यात गेली. सावित्रम्माने हळद आणून दिली.

सगळं शिवून झाल्यावर त्याने म्यान पाण्यात बुडवलं, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला आपला चाकू आत घातला, बोटांनी दाबून दाबून कातडं चाकूच्या अंगाला बसवलं आणि तसंच ठेवून दिलं. वाळल्यावर म्यानावर चाकूचा आकार उमटला. कडा त्याने गुळगुळीत लाकडाने घासल्या. घासता घासता त्याला चिंचोळीची केबिन आठवत होती. हात थांबले की ती जास्त आठवायची, म्हणून तो घासत राहिला.

एसटी स्टँडवर जोतिराम आधीच येऊन उभा होता. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, एवढंच सामान. नागप्पाने म्यान त्याच्या हातात दिलं. जोतिरामने झाकण काढलं, चाकू ओढला. तो निघेना. त्याने दोन्ही हातांनी ओढला तेव्हा निघाला.

"वापरून सैल होईल," नागप्पा त्याच्या तोंडासमोर म्हणाला.

"ह्यो तर तुजा चाकू."

नागप्पाने हात उडवला. गेटवर चाकू कशाला लागतो, असं त्याला म्हणायचं होतं, पण गेट हा शब्द काही त्याच्याने उच्चारवेना. जोतिरामने कमरेचा पट्टा सोडून म्यान ओवलं आणि सदरा त्यावर ओढून घेतला. मग गाडी लागली.

त्यानंतर बोलणं असं राहिलंच नाही. फोन करावा तर तो ज्ञानबाकडे जायचा. ज्ञानबा म्हणायचा, "बरा हाय." एवढंच. उन्हाळा सरत आला तेव्हा नागप्पाने सुट्टी घेतली आणि मंगळवेढ्यावरून सांगोल्याला, तिथून प्रवासी भरून जाणाऱ्या वडापच्या जीपने गावात गेला.

ज्ञानबा बाजाराला गेला होता. त्याची बायको गोजाबाई अंगणात होती. तिने पाणी दिलं, भाकरी खाऊन जा म्हणाली. "भावजी वर माळाला हायत," ती म्हणाली. "भाऊ, कामाला लई चोख हायत बगा. पण कुणाशी बोलत न्हाईत. आमी बोललो तरी त्येस्नी कळत न्हाय, मग आमीबी बोलायचं सोडलं. पोरं हसत्यात त्यांच्या मोट्या आवाजाला. म्हणून त्ये शेरडांसंगच जेवत्यात." हे सांगताना तिला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. सांगून ती पुन्हा कामाला लागली.

माळावर जोतिराम बाभळीखाली पाठमोरा बसला होता. तो दचकू नये म्हणून नागप्पा लांबून वळसा घालून समोर गेला. जोतिराम उठला, हसला, आणि पहिली खूण केली ती अंगठा ओठाला लावायची. चहा नव्हता, पाण्याची बाटली होती. त्यातलंच दोघं प्यायले.

नागप्पा एवढा प्रवास करून आला होता तो एक गोष्ट सांगायला. पण त्यांच्या खुणा होत्या त्या धाग्याच्या, धोट्याच्या, मागाच्या. मी त्या दिवशी तुझ्यासाठी बोललो नाही, याला खूण नव्हती. त्याने ओठ हलवून सुरुवात केली, "त्या दिवशी चिंचोळीला..." जोतिराम डोळे बारीक करून बघत होता. "चिंचोळी" एवढं त्याला कळलं.

"चिंचोळीला बरं चाललंय न्हवं?" तो माळभर ऐकू जाईल असं म्हणाला. "लई चांगलं झालं तुला घेतलं ते. तुज्या घरात माणसं हायत की. माजं काय, कुटंबी भागतंय."

नागप्पाने मान हलवली. जोतिरामचं लक्ष एव्हाना एका लंगडणाऱ्या शेळीकडे गेलं होतं. त्याने कमरेकडे न बघता झाकण सरकवलं, चाकू काढून उघडला, शेळीचा पाय मांडीवर घेतला आणि खुरातला काटा काढायला लागला. काटा निघाला, तरी तो खूप वेळ तो पाय हातात धरून बसला होता.

नागप्पा घरी पोचला तेव्हा सावित्रम्मा जेवणासाठी थांबली होती. ताटावर बसून त्याने घास घेतला नाही. केबिनमध्ये काय झालं ते त्याने तिला सांगितलं, पहिल्यापासून, आपल्या भाषेत, जिच्यात त्याला सगळं सांगता येत होतं. ती ऐकत होती.

"तुम्ही बोलला असता तरी त्यांनी त्याला घेतलं नसतं," ती म्हणाली.

"नसतंच घेतलं."

"मग?"

तिने ताटात डाळ वाढली. तो जेवला, हात धुतले आणि सकाळच्या पाळीसाठी खाकी शर्ट खुंटीवरून काढून ठेवला. पुढे दिवाळीला त्याने फोन केला, संक्रांतीलाही केला. ज्ञानबा म्हणाला, बरा हाय. नागप्पाने त्यापुढे काही विचारलं नाही, आणि तो पुन्हा त्या माळावर गेला नाही.